भट्टीपासून साठ पावलं

सकाळी सहाला यळ्ळूर रोडवर धुकं असतं,
भात कापून झालेल्या शिवारात मसूर जेमतेम उगवलेली,
आणि मी दुधाची पिशवी दोन मनगटांत धरून
घराकडे येतो,
तान्हं पोर आणावं तशी.
बोटांना ती दाखवायचीसुद्धा नाही.
एकदा दाखवली होती. नुसतं अर्धा लिटर.
मधलं आणि करंगळीशेजारचं, दोन्ही
दुसऱ्या पेरापर्यंत खडूसारखी झाली,
रेघ इतकी सरळ, की तलाठ्यानं मोजून मारावी.
गुंडू बघून म्हणाला,
"तुझ्या बोटातबी सीमाप्रश्न हाय की रे,
अलीकडं तू, पलीकडं कोण?"
हसलो. पलीकडं टाचणी टोचून बघितली.
कोणीच नव्हतं.

बावीस वर्षं उद्यमबागेत ग्राइंडर धरला.
पंपांची झाकणं, मोटारींची कवचं,
वाळूतून निघालेल्या बिडाच्या कडा घासून काढायच्या.
भट्टी साठ पावलांवर.
बनियन पिळलं की खारं पाणी निघायचं,
म्हणून साहेबाला पटेना :
"भट्टीतल्या माणसाला थंडी कशी बाधेल, मोनाप्पा?"
मलाही पटत नव्हतं.
थंडी बाहेरून येते असंच शिकलेलो ना आपण,
खिडकीतून, फटीतून, फुटक्या कौलातून.
ही मुठीतून आत शिरली,
थरथर थरथर करत,
रोज थोडी,
पगारासारखी.

डॉक्टरीणबाई धारवाडकडच्या.
"चळी?" म्हणाल्या.
आईला ऐकू आलं चळ.
महिनाभर ती देवळातून अंगारा आणत होती
आणि मीही लावून घेत होतो कपाळाला.
बाईंनी सांगितलं,
विडी सोडा, हात ओले ठेवू नका, मशीन सोडा.
विडी सोडली.

रक्त परत येतं तो प्रकार वेगळा.
पांढऱ्याचं निळं, निळ्याचं लाल,
मग असं ठणकतं की वाटतं
गेलेलंच बरं होतं.
शेवंता तेव्हा काही बोलत नाही.
भाकरी तव्यावर टाकते, हात पदराला पुसते,
माझी बोटं आपल्या काखेत दाबून धरते
आणि दुसऱ्या हातानं भाकरी उलटते.
सुनेसमोर पहिल्यांदा लाज वाटली.
आता सून सरकून जागा देते.

गेल्या माघात भाच्याचं लग्न, अनगोळला.
सकाळचा मुहूर्त, हॉलची फरशी नुसती बर्फ.
मूठभर अक्षता घेऊन उभा होतो.
सावधान म्हटल्यावर हात उडवला,
काही उडालं नाही.
खाली बघितलं तर तांदूळ कधीचेच
माझ्याच पायांवर सांडलेले,
जणू लग्न माझंच.
तेव्हापासून वस्तू डोळ्यांनी धरतो :
किल्ली, बसचं नाणं, नातीचं बोट.
नजर हलली की सुटतं.

काल फंडाच्या कागदासाठी कारखान्यात गेलो,
शिफ्ट सुटायच्या वेळेला.
माझ्या जागेवर आता सिद्राम, गोकाककडचा, विशीतला.
त्याला म्हटलं, बाबा, मोजे घाल, मधे मधे थांब,
हात धुऊन तसाच गार वाऱ्यात उभा राहू नकोस.
हसला. "एन आगंगिल्ल बिडरी, अण्णा."
काही होत नाही, सोडा.
आणि माझा हात घेतला दोन्ही हातांत,
थोरल्या माणसाचा घ्यावा तसा.

बोटांना काही कळलं नाही.
कोपराला कळलं :
मशीन बंद होऊन दहा मिनिटं झाली होती,
त्याच्या तळव्यात ते फिरत होतं.